पोस्टरवरचा ब्लाउज

आमच्या गारखेड्यातले माणिकअण्णा उस्मानपुऱ्यात भाजीला जातात आणि गमछा घालवून येतात. गमछा चोरीला जात नाही. वाटेत एखाद्या दुकानाच्या काचेत कपडे उतरवलेला बाईचा पुतळा दिसला की अण्णा थेट आत शिरतात आणि खांद्यावरचा गमछा त्याला गुंडाळतात. "झाका की हो तिला! लई वंगाळ दिसतं," असं मालकाला सुनावून निघतात. मालक लोक आता ओळखतात, चहाही विचारतात.

याचं मूळ एका सिनेमात आहे. अण्णा तेव्हा क्रांती चौकाकडच्या एका टॉकीजमध्ये रंगारी होते. मी शाळेतून येताना त्यांच्या शिडीखाली थांबायचो. ओला रंग आणि गरम भजी यांचा तो वास आता तिथल्या कॉम्प्लेक्सात कुठून येणार?

तर मुंबईहून एक सिनेमा आला. नाव लिहीत नाही, अण्णांना चालणार नाही. जमीनदार गावातल्या मुलीवर अत्याचार करतो आणि ती बंदूक घेऊन सूड उगवते, अशी गोष्ट. पुढं तसल्या सिनेमांची रांगच लागली. ते बाईच्या बाजूचे की नुसते बाईला बघायचे, यावर अजून भांडणं होतात. अण्णांचं मत पक्कं आहे: "बंदूक शेवटच्या रिळात, अन् फाटकी साडी पहिल्यापासून."

फाटक्या साडीतल्या नटीचं पोस्टर बघून मोहल्ल्यातल्या बायांनी टॉकीजवर मोर्चा आणला. मालक म्हणाले, कागदाची पट्टी चिकटव. अण्णांना पट्टी अपुरी वाटली. त्यांनी नटीच्या अंगात गळाबंद, मनगटापर्यंत बाह्यांचा हिरवा ब्लाउजच रंगवला. झाकली मूठ सव्वा लाखाची! एवढं झाकलंय म्हणजे खाली काय असेल, या हिशेबानं जालना-पैठणहून माणसं लोटली. मग इतर टॉकीजवाल्यांनीही रंगाचे डबे काढले. पुढं तर तसली पोस्टरं मुंबईहूनच काळी पट्टी छापून यायला लागली, खाली काही नसलं तरी.

"ह्या धंद्याचं निम्मं पाप माझ्या ब्रशावर हाय," असं म्हणून अण्णा कान पकडतात. आम्ही हसतो, पण ते खरंच पाप मानतात.

त्या पहिल्या सिनेमाचं, स्वतः ब्लाउज रंगवलेलं एक पोस्टर पुठ्ठ्यावर चिकटवून अण्णांनी खोलीत ठेवलंय. लग्न झालं नाही, घरात दुसरं कोणी नाही. यंदा दिवाळीला माझी पुतणी पुण्याहून आली. ती याच सिनेमांचा अभ्यास करते. तिला प्रदर्शनासाठी ते पोस्टर हवं होतं, पण वरचा रंग काढून. रंग उतरवायची बाटली घेऊनच ती आली होती.

मी तिला अण्णांकडे नेलं. अण्णा वाटीत रंग कालवत बसले होते.

"अण्णा, खालचं चित्र दिसायला हवं," ती म्हणाली. "त्या बाईचं काय केलं होतं, ते लोकांना कळू द्या ना." तिचंही खोटं नव्हतं.

"नाय जमायचं, माय," अण्णा म्हणाले. "सिनेमा लागला तवा ती नटी सोता आली हुती टॉकीजात. पोस्टरखाली उभी ऱ्हायली. मला वाटलं, आता शिव्या घालती. तर म्हणली, 'भाऊ, हे तुम्ही केलं व्हय? माझी आई नांदेडला ऱ्हाती. तिथंबी एवढं करा.'"

"मग?"

"गेलो की एस्टीनं, डबा-ब्रश घेऊन. तिथंबी हाऊसफुल्ल!" अण्णा ओशाळले. "पर तिची माय त्या रस्त्यानं मान वर करून गेली आसंल."

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला ठाऊक नव्हतं.

"मग आज हा रंग कशाला?" पुतणीनं विचारलं.

"भाऊबीज नाय का आज? दरसाली नवा ब्लाउज देतो तिला. सख्खी बहीण नाय मला. भाऊ म्हणणारी तेवढी एकच." त्यांनी वाटी पुढं केली. "यंदा जांभळा काढलाय. आवडंल का गं तिला?"

पुतणीनं बाटली पिशवीत टाकली आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली.

"आवडेल," ती म्हणाली. "काठ तेवढा पिवळा घ्या."