स्क्रूच्या कारखान्यात एक स्क्रू कमी

सोमवारी सकाळी च्वांगशेठच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून 'डी' ड्राइव्ह पहिल्यांदा नाहीसा झाला, तेव्हा ऑफिस सांभाळणाऱ्या युएचिन ताईंनी चष्मा पुसला. दुसऱ्यांदा नाहीसा झाला, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट उचललं, त्यावरची तारीख वाचली आणि कपाळाला हात लावला. पाकिटाची मुदत ऑगस्टमध्येच संपली होती.

तैवानमधल्या आमच्या कांगशानमध्ये मक्याच्या कुरकुऱ्यांचं हे पाकीट डोक्यावर ठेवल्याशिवाय कोणतंच मशीन धड चालत नाही. खाऊचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं आहे, आणि मशीन ते ऐकतं. फक्त पाकीट हिरवंच लागतं, मुदतीतलं लागतं आणि कोणी फोडून खाल्लेलं चालत नाही. शिळ्या पाकिटाखाली मशीनने तरी का म्हणून शहाण्यासारखं वागावं?

ताईंनी लगोलग ताजं पाकीट आणवलं, जुनं काढून नवं ठेवलं, कॉम्प्युटरला दोन थापा मारल्या आणि तो चालू केला. ड्राइव्ह हजर. ताईंनी सुस्कारा सोडला. अर्ध्या तासाने ड्राइव्ह पुन्हा गुल.

आता हा ड्राइव्ह साधासुधा असता तर कोणाला काय पडलं होतं? पण त्यात पाच वर्षांच्या तपासणीच्या नोंदी होत्या. च्वांगशेठच्या कारखान्यात पुलांना लागणारे अंगठ्याएवढे जाड बोल्ट बनायचे आणि त्यातले निम्मे जपानला जायचे. जपानी गिऱ्हाइकाचे तपासनीस ओनोदेरा साहेब शुक्रवारी सकाळी नऊला येणार होते. हा माणूस खुर्चीत बसतो, मनात येईल ती तारीख सांगतो आणि त्या दिवशीची नोंद तिथल्या तिथे पडद्यावर मागतो. नोंद दिसली नाही की ऑर्डर गेलीच म्हणून समजा. ऑर्डर गेली की चार मशीनं थंड आणि अठरा माणसं घरी. त्या अठरांमध्ये ताईंचा नवराही होता, तो तीन नंबरच्या मशीनवर होता.

च्वांगशेठना कळलं तेव्हा ते तरातरा आले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण आवाज मशीनवरून ऐकू जाईल असा. त्यांचा निदानावर विश्वास नव्हता, प्रमाणावर होता. कॉम्प्युटर एवढा मोठा, त्याला एक पाकीट कसं पुरेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मंगळवारी सकाळपर्यंत कॉम्प्युटरवर सात पाकिटं चढली होती. दर नव्या पाकिटाला ड्राइव्ह यायचा, थोडा वेळ बसायचा आणि जायचा, एखाद्या लग्नाला तोंड दाखवून जाणाऱ्या पाहुण्यासारखा.

मंगळवारी दुपारी ताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. बारा वाजले की आमच्याकडे मशीनं थांबतात, दिवे मालवतात आणि झाडून सगळे टेबलावर डोकं ठेवून तासभर झोपतात. त्या तासात ड्राइव्ह अजिबात हलला नाही. एकला मशीनं धडधडायला लागली आणि स्वारी पसार.

"हा उलट्या खोपडीचा आहे," च्वांगशेठ म्हणाले. "आपण झोपलो की हा जागा होतो."

बुधवारी ताईंनी झोपेवर पाणी सोडलं आणि त्या तासात सगळ्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवायला घेतल्या. सतरा टक्के उतरल्या. मग ड्राइव्ह कामाने तापला आणि तापून गेला तो गेलाच. चोवीस वर्षांच्या नोकरीत दुपारची झोप पहिल्यांदाच मोडली होती, तीही सतरा टक्क्यांसाठी.

तेव्हा कुठे बाजारातल्या आ-क्वानला बोलावणं गेलं. आ-क्वान म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, जुना हवाई दलातला माणूस. त्याने आल्या आल्या सात पाकिटांना मान तुकवली आणि मग सांगितलं की मशीनं थांबवा, म्हणजे नेमकं काय हलतंय ते बघता येईल. नवं वर्ष आणि दुपारची झोप सोडली तर या कारखान्यातली मशीनं कामाच्या वेळेत एकतीस वर्षांत थांबली नव्हती. वादळातसुद्धा नाही. च्वांगशेठनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा अठरा माणसं आठवली आणि हात वर केला. दुपारी साडेतीनला सगळं चिडीचूप झालं.

इथेच घोटाळा झाला. रस्त्याच्या पलीकडे च्वांगशेठच्या धाकट्या भावाचा, आ-चीचा कारखाना. दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. आ-ची वेगळा झाला आणि मोबाइल-कॉम्प्युटरला लागणारे बारीक स्क्रू करायला लागला. वर्षअखेरीच्या जेवणाला सगळं गणगोत जमलं असताना च्वांगशेठ बोलून गेले, की हे स्क्रू मुंगीच्या खाटेला बरे. झालं. तेव्हापासून आईवडिलांच्या थडग्याची साफसफाई करायला एक भाऊ सकाळी आठला जायचा आणि दुसरा अकराला. पण पलीकडच्या मशीनांचा आवाज दोन्ही घरांच्या अंगवळणी पडलेला. तो भलत्याच वेळी बंद पडला म्हटल्यावर आ-चीच्या बायकोने, शिऊलानने, जो अर्थ लावायचा तो लावला. मालक गेल्याशिवाय ही मशीनं थांबायची नाहीत.

ती रडतच रस्ता ओलांडून ऑफिसात शिरली. तिला काय दिसलं, तर टेबलाखालून बाहेर आलेले थोरल्या दिरांचे दोन पाय आणि भोवती गप्प उभी माणसं. तिने जो हंबरडा फोडला, त्याने वायर बघायला खाली शिरलेले च्वांगशेठ दचकले आणि त्यांचं डोकं टेबलाला आपटलं. मेलेल्या दिरांनी एवढी अस्सल शिवी घातल्यावर शिऊलान गप्प झाली, लाजली आणि आल्या पावली परत निघाली. च्वांगशेठ डोकं चोळत खिडकीशी आले. पलीकडच्या फाटकात आ-ची उभा होता, एकाच पायात चप्पल घातलेला. दादा उभा दिसताच तो आत गेला.

"चला, काम करा," च्वांगशेठ म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीशीच उभे राहिले.

आ-क्वानने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. ड्राइव्ह म्हणजे च्युइंगमच्या कांडीएवढी पट्टी. एक टोक खाचेत बसलेलं, दुसरं वर उचललेलं. वरच्या टोकाला सुकलेल्या चिकटपट्टीचा तुकडा लोंबत होता. ती चिकटपट्टी कारखान्याचीच, खोकी बंद करायची, आणि तिच्यावर छापलेली ओळ आ-क्वानने सगळ्यांना ऐकू येईल अशी वाचली, "च्वांग बोल्ट, एकदा बसला की हलत नाही."

कोणी हसलं नाही. हसण्याची हिंमत कोणात होती?

"इथे एक स्क्रू असतो, शेठ," आ-क्वान म्हणाला. "दोन मिलिमीटरचा. तो नसला की हे टोक वर येतं आणि मशीनच्या हादऱ्याने, नाहीतर तापून, पट्टी खाचेतून सुटते. पाकीट ठेवताना तुम्ही थापा मारल्या की पुन्हा टेकते. स्क्रू कोणी काढला?"

ताईंनी शेठकडे पाहिलं. शेठनी छताकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी जुना ड्राइव्ह बदलून हा बसवायला माणूस कशाला हवा, म्हणून शेठनीच तो बसवला होता, आणि ताई तिथेच टॉर्च धरून उभ्या होत्या.

"तो स्क्रू नव्हता," च्वांगशेठ शेवटी म्हणाले. "धुळीचा कण होता. फुंकरीने उडून गेला."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. रोज दीड लाख बोल्ट बाहेर काढणाऱ्या कारखान्यात त्या भोकात बसेल असा एक स्क्रू नव्हता. सगळ्यात बारीक बोल्ट करंगळीएवढा. मग रबरबँड लावून पाहिला, दातकोरणीची पाचर मारली, नवी चिकटपट्टी लावली. मशीनं सुरू केली की ड्राइव्ह पाच मिनिटांत गायब. आणि शुक्रवारी मशीनं बंद ठेवायची सोय नव्हती, कारण ओनोदेरा साहेब चालू मशीनवरच तपासणी घेतात. आ-क्वानकडचे स्क्रू संपले होते, नवे सोमवारी येणार होते.

"कांगशानात हा स्क्रू बनवणारा एकच आहे," आ-क्वान म्हणाला, आणि ज्या खिडकीतून पलीकडचं फाटक दिसतं त्या खिडकीकडे कोणी पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी शेठनी ताईंना चिठ्ठी देऊन पाठवलं. चिठ्ठीवर 'स्क्रू, नग एक' एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. ताई दहा मिनिटांत परत आल्या. आ-चीने सुटा माल देत नसल्याचं कळवलं होतं, कमीत कमी दहा हजार नग. ताईंनी दहा हजारही घेते म्हटलं, तर तो म्हणाला की नव्या गिऱ्हाइकाच्या मालकाने पहिली ऑर्डर स्वतः येऊन द्यायची असते. ताईंनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि वर आपलं एक वाक्य जोडलं.

"शेठ, उद्या नऊ वाजता नोंदी दाखवायला साहेबांच्या खुर्चीशेजारी मी उभी असणार. तुम्ही नाही."

च्वांगशेठ चार वाजेपर्यंत कारखान्यात फेऱ्या मारत राहिले. एक नंबरच्या मशीनपासून चार नंबरच्या मशीनपर्यंत जायचे, माणसं मोजायचे आणि परत फिरायचे. मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. समोरचा रस्ता ओलांडायला बारा पावलं लागतात. शेठ स्कूटरवर बसले, देवळामागून गेले, मासळीबाजाराला वळसा घातला आणि मागच्या गल्लीतून भावाच्या कारखान्यात शिरले. वाटेत त्यांना ओळखीच्या नऊ जणांनी नमस्कार केला.

आ-ची मशीनपाशी उभा होता. त्याने वर पाहिलं नाही.

"काय हवंय?"

"स्क्रू."

"कशाला? मुंगीची खाट मोडली का?"

"कॉम्प्युटरला लावायचाय."

"मोठ्याने बोल, दादा. मशीनचा आवाज आहे."

सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी दादा म्हटलं होतं. च्वांगशेठनी घसा खाकरला आणि मशीनवरून ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की माझ्या कारखान्यात एक स्क्रू कमी आहे, आणि तो तुझ्याचकडे मिळतो. चाळीस कामगारांनी ऐकलं. कोपऱ्यात शिऊलानने पदर नसल्यामुळे हातमोजा तोंडाला लावला.

आ-चीने डबीतून एक स्क्रू काढला आणि दादाच्या तळहातावर ठेवला. तळहातावर तो दिसेचना. बोटांत धरायचा तर तीन वेळा पडला, तिसऱ्यांदा दोघे भाऊ गुडघ्यांवर बसून शोधत होते. शेवटी आ-चीने चिमटा आणि बारीक पेचकस घेतला आणि दादाच्या मागे स्कूटरवर बसला. या खेपेला शेठनी सरळ रस्ता ओलांडला. स्क्रू बसायला अर्धं मिनिट लागलं. मशीनं धडधडत होती, ड्राइव्ह जागचा हलला नाही. ताई पडद्याकडे बघत बघत खुर्चीत बसल्या आणि त्यांनी नाक पुसलं.

जाताना आ-ची दारात थांबला.

"दादा, मशीनं बंद ठेवायची असली तर आधी फोन करत जा."

"का?"

"घाईत चप्पल सापडत नाही," आ-ची म्हणाला आणि निघून गेला.

शुक्रवारी ओनोदेरा साहेबांनी अकरा तारखा सांगितल्या आणि अकराही नोंदी पडद्यावर आल्या. ते समाधानाने उठले, आणि नेमकी त्यांची नजर कॉम्प्युटरवरच्या सात पाकिटांकडे गेली. एक त्यांना समजत होतं. सात का? युएचिन ताईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सोमवारपासून सगळं सांगून टाकलं. ओनोदेरा साहेब पुन्हा बसले आणि त्यांनी बॅगेतून एक कोरा फॉर्म काढला. ड्राइव्ह का गेला? पट्टी हलली म्हणून. पट्टी का हलली? स्क्रू नव्हता. स्क्रू का नव्हता? मालकांनी काढून टाकला. मालकांनी का काढला?

अठरा माणसं या एका उत्तरावर टांगली होती.

"लहान होता म्हणून," च्वांगशेठ मान खाली घालून म्हणाले. "लहान आहे म्हणून मी त्याला मोजलं नाही. चूक माझी."

ओनोदेरा साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं. असं उत्तर त्यांना तीस वर्षांत कोणत्याच मालकाने दिलं नव्हतं, म्हणाले. ऑर्डर राहिली. फक्त एक अट पडली. ज्या स्क्रूवर सगळ्या नोंदी उभ्या आहेत, तो पुरवणाऱ्याचं नाव यादीत हवं आणि मालकांनी स्वतः जाऊन त्याच्या कारखान्याची तपासणी करून लेखी अहवाल द्यायला हवा.

पुढच्या शुक्रवारी च्वांगशेठ हेल्मेट घालून, पॅड-पेन घेऊन बारा पावलं चालत पलीकडे गेले. सकाळी दहाला गेलेला माणूस दुपारी तीनला आला, तोंडाला शेगडीवर उकळत ठेवून खायच्या मटणाच्या हॉटपॉटचा वास आणि हातात भरलेला फॉर्म. सव्वीस दोष काढले होते. फरशी निसरडी, चहा पातळ, मालकाची चप्पल झिजलेली, मटण थोडं वातड, दोन वाट्या खाऊन खात्री केली. ताईंनी सगळं वाचून फाइलला लावायला घेतलं, तेव्हा त्यांना दिसलं की फॉर्मवर छापलेले 'तपासणी वर्षातून एकदा' हे शब्द शेठनी खोडले होते. वर पेनाने लिहिलं होतं, 'दर शुक्रवारी'. आणि शेजारी, कारणाच्या रकान्यात, 'पुरवठादारावर अजिबात भरवसा नाही'.