करंजमाळच्या स्टेपनीचा मान

कोणत्याही गाडीची चार चाकं चालण्यासाठी असतात आणि पाचवं विचारविनिमयासाठी. शहरात हे लक्षात येत नाही, कारण तिथे पाचवं चाक कारखान्यातूनच आपली जागा घेऊन येतं आणि मालकाला मत मांडायची संधीच मिळत नाही. पोलादपूर तालुक्यातल्या करंजमाळ गावाला ती संधी मिळाली आणि गावाने तिचं सोनं केलं.

करंजमाळ म्हणजे कापडे गावाच्या वर डोंगरात, सात किलोमीटर कच्च्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या तीन वाड्या: वरची, मधली आणि खालची. गावात माणसं एकशे बारा, मुंबईत चारशे. (मतं सगळ्यांची धरली जातात.) गावात कोणी आजारी पडलं की बांबूला घोंगडी बांधून डोली करायची, तिच्यात माणूस निजवायचा, चौघांनी खांद्यावरून कापड्यापर्यंत उतरवायचा आणि तिथून मिळेल त्या वाहनाने महाडला न्यायचा, अशी आजवरची पद्धत. मुंबई मंडळाला हे बघवेना. अध्यक्ष सुनीलशेठ यांच्या पुढाकाराने मंडळाने एक जुनी पण दणकट, चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली, महाडच्या गॅरेजात रंगवली आणि शिमग्याला गावाला अर्पण केली. पुढे 'रुग्णसेवा' असं लिहिलं होतं. मागच्या दारावर अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि सल्लागार धरून एकवीस नावं होती. एवढी नावं मावावीत म्हणून दारावरची स्टेपनी काढावी लागली. मिस्त्रीने ती पुसून गाडीत नुसती टाकून दिली. "कुठं लावायची ते सांगा, वेल्डिंगला दहा मिनिटं," एवढंच तो म्हणाला. दहा मिनिटांचंच काम आहे म्हटल्यावर कोणी घाई केली नाही.

मधल्या वाडीचा येसाजी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा त्याच्या घराचा, त्यामुळे गावातल्या कोणत्याही समितीत त्याला न विचारता घेत असत. चैत्रात त्याची बायको बनुबाई करवंदं काढायला गेली आणि पायात काटा भरला. अंगात साखर, त्यामुळे जखम चिघळली. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं: एक दिवसाआड ड्रेसिंगला आणा, खाडा झाला तर बोट जाईल, आणि ते बोटावर थांबेलच असं नाही. चव्वेचाळीस वर्षांत बनुबाई एक दिवस आजारी म्हणून निजली नव्हती. घरी येऊन येसाजी तिला म्हणाला, "भिऊ नको गो. आता गाडी हाय आपल्याकडं."

गाडी होतीच. पहिल्या खेपेला तिसऱ्या वळणावर सुटी स्टेपनी आतल्या आत घरंगळली आणि बनुबाईच्या बँडेजपासून वीतभर अंतरावर थांबली. दुसऱ्या खेपेला ती घरी ठेवली, तर पाचव्या वळणावर चाक पंक्चर झालं आणि बनुबाई चार तास दगडावर बसून राहिली. ड्रायव्हर मोरूने तिथेच हात जोडले. "तात्या, आत ठिवली तर काकीच्या पायावर येतेय, घरी ठिवली तर आपन हितं बसतोय. तिला जागा द्या. तवर मी गाडी हालवनार नाय." मोरूचं काही चुकलं होतं असं कोणालाच म्हणता येईना.

म्हणून 'स्टेपनी स्थाननिश्चिती समिती' स्थापन झाली. पहिल्या सभेला येसाजी गेला तो एकच गोष्ट मनात धरून: चाक संध्याकाळपर्यंत कुठेही टांगायचं आणि परवा बनुबाईला महाडला न्यायचं. तासाभरात ते झालंही असतं. पण तेवढ्यात मुंबईहून सुनीलशेठनी स्टेपनीसाठी कव्हर पाठवलं. उत्तम रेक्झिनचं, त्यावर ग्रामदेवी काळकाईचा रंगीत फोटो. त्या क्षणापासून तो टायर राहिला नाही.

आता प्रश्न दर्शनाचा होता आणि गावाची रचना लक्षात घेतली तर प्रत्येकाचं म्हणणं रास्त होतं. वरच्या वाडीला गाडी वरून दिसते. त्यामुळे वरच्या वाडीच्या पांडूने स्टेपनी टपावर मागितली. खालच्या वाडीला गाडी चढताना पाठमोरी दिसते. त्यांच्या सदूने मागचं दार मागितलं. (एकवीस नावं झाकली जातील, अशी मुंबईची हरकत.) मधल्या वाडीसमोर गाडी तोंड करून येते, त्यामुळे तिच्यासाठी बॉनेट. गाडीच्या पोटाखाली बसवावी, अशी सूचना एकाने केली. त्याला देवीची माफी मागायला लावली.

मग पांडू म्हणाला, "मधल्या वाडीला काय, जिथं देऊ तिथं बघतील." येसाजीच्या कानाची पाळी लाल झाली. "आमची वाडी काय वाटंवर पडली हाय रे?" तो उठून उभा राहिला. "बॉनेट! नायतर काय नाय!" बाहेर येईपर्यंत तो मधल्या वाडीचा पुढारी झाला होता. परवाची आठवण त्याला घरी, हातपाय धुताना झाली.

शाळेच्या अनुपमाबाईंनी पुढाकार घेऊन, टेप लावून गाडी मोजली आणि दोन पानी अहवाल दिला. टपावर वजन चढलं तर गाडी वळणावर कलंडेल. बॉनेटवर ठेवली तर ड्रायव्हरला रस्ता दिसणार नाही. खाली लावली तर दगड लागतील आणि चिखलात झोपून ती काढावी लागेल. दार मजबूत करून मागेच लावावी आणि नावं बाजूला घ्यावीत. समितीने बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि अहवाल फाइलला लावला. "नावं बाजूला घ्यावीत" या शब्दांबद्दल मुंबईहून तीव्र नापसंती आली.

मग व्हॉट्सॲपवर मतदान झालं. टप एकतीस, मागचं दार एकोणतीस, बॉनेट तीस, नुसते हात जोडणारे सत्तर, वाढदिवसाच्या शुभेच्छा सहा. हात जोडणाऱ्यांचा कल कुणाकडे, यावर दोन सभा झाल्या. शेवटी सर्वांनी देवीवरच सोपवायचं ठरवलं. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला कळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने गाऱ्हाणं घालून विचारलं, "आई, स्टेपनी कुठं लावायची?" उजवी कळी पडली. देवीने स्वच्छ 'होय' सांगितलं होतं. गावाला समाधान वाटलं. दरम्यान देवीचा फोटो असलेली वस्तू कोणाच्या पडवीत ठेवणं बरं नव्हे म्हणून स्टेपनी देवळाच्या सभामंडपात आली आणि आठवड्याभरात तिच्यावर हळदकुंकू दिसू लागलं. कोणी वाहिलं ते कळलं नाही. पुसण्याची मात्र कोणाची छाती झाली नाही.

बनुबाई एक दिवसाआड डोलीतून जात होती. (पावसात तीन दिवसांआड.) डोलीला खांदा देणारे पांडू, सदू, मोरू आणि येसाजी. इथे नमूद केलं पाहिजे की डोली उचलताना कोण कुठल्या वाडीचा हे कधीच निघालं नाही. ज्याचा खांदा मोकळा त्याने बांबू घ्यायचा. मात्र चौघेही समितीचे सदस्य असल्याने वाटेत गणसंख्या पूर्ण होई, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून सभा तिथेच चाले. एकूण तेवीस सभांपैकी चौदा डोलीखाली झाल्या. एकदा पांडू टपाची बाजू मांडायला बांबू सोडून हातवारे करू लागला, तेव्हा घोंगडीतून आवाज आला, "मेल्यांनो, आधी मला खाली ठेवा, मग भांडा!" ही सूचना कामकाजाबाहेरची असल्याने नोंदवली गेली नाही.

श्रावणात बनुबाईचं एक बोट काढावं लागलं. समितीने दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली आणि सभा तहकूब केली.

येसाजी त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडला. स्वतःची त्याला इतकी लाज वाटली की खुशाली विचारायला मोरूचा फोन आला तोही त्याने घेतला नाही. पुढच्या सभेत तो हात जोडून म्हणाला, "मागं लावा, टपावर लावा, नायतर माज्या डोक्यावर बांधा. पन लावा." समितीला गहिवरून आलं. तरीही बॉनेटवरचा हक्क येसाजीचा नसून मधल्या वाडीचा असल्याने तो त्याला एकट्याने सोडता येत नाही, असं निदर्शनास आणून देण्यात आलं. वाडीने बैठक घेऊन येसाजीला मऊ ठरवलं.

भाद्रपद संपता संपता, उतरणीवरच्या अशाच एका सभेत, बनुबाई घोंगडीतून उठून बसली. चेहरा तापाने लाल झाला होता. "तुमच्या त्या चाकाला घाला या डोलीत!" ती ओरडली. "आनि मला बसवा गाडीत! म्हंजे सुटलो सगळी!"

चौघे थांबले. एकमेकांकडे बघू लागले. आपण रागाने बोललो ते कोणाला पटेल, असं बनुबाईच्या स्वप्नातही नव्हतं. पण विचार केला तर त्यात खोट काढायला जागाच नव्हती. डोलीतली देवी वरून दिसते, समोरून दिसते, पाठीमागून दिसते. एकवीस नावं झाकत नाहीत. गाडी कलंडत नाही, मोरूला रस्ता दिसतो, आणि चाक पंक्चर झालं तर स्टेपनी मागून येतेच आहे. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ठराव एकमताने झाला. मुंबईहून सत्तर जणांनी हात जोडले.

दसऱ्याला शुभारंभ झाला. पुढे जीप, तिच्यात एकटी बनुबाई, पाय उशीवर. मागे झेंडूच्या माळा घातलेली डोली, तिच्यात स्टेपनी, पुढे ढोल. पहिला खांदा कोणाचा यावर वाद होण्याआधीच पांडूने आपण होऊन बांबूचं पुढचं टोक येसाजीपुढे धरलं. "तात्या, मान तुमचा." येसाजीने जीपकडे पाहिलं. त्याला बायकोशेजारी बसायचं होतं. पाय धरायला कोणीतरी हवं होतं. पण साऱ्या गावासमोर, वरच्या वाडीने दिलेला मान नाकारायचा कसा? त्याने खांदा दिला. खांदा देताना त्याला बरंही वाटलं, आणि ते त्याला पुढे कधीच विसरता आलं नाही.

स्टेपनीला सोडून गाडीने पुढे जायचं नाही, हे ठरावातच होतं. मोरूने पहिला गिअर बदलला नाही. पूर्वी बनुबाईची डोली दोन तासांत कापड्याला पोचायची. त्या दिवशी पावणेतीन तास लागले, कारण वाटेत तिन्ही वाड्यांतल्या बायकांनी स्टेपनीला ओवाळलं. चौथ्या वळणावर बनुबाईने मागच्या काचेतून बाहेर पाहिलं. चौघेजण (मोरूच्या जागी एक नवा खांदा) ओढ्यातून पाय जपून टाकत होते, चाकाला जराही हिसका बसू देत नव्हते. "अवो," ती येसाजीला म्हणाली, "मला कदी येवढं सांभाळून नेलं नाय." मग तिचं लक्ष नवऱ्याच्या मानेवरच्या घामाकडे गेलं. "खांदा बदला आता. दमलाव."

महाडला पोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते. परवा या, असं सांगण्यात आलं.

आता हे वाचताना जाणकार वाचकांच्या मनात स्टेपनीची योग्य जागा केव्हाच ठरली असेल. काहींना बाई बरोबर वाटल्या असतील, काहींनी टपाला लोखंडी कॅरिअर बसवूनही टाकला असेल. त्यांनी आपलं मत समितीकडे लेखी पाठवावं. त्याचा विचार होईल, आणि समितीत जागाही आहेत. बनुबाईला काटा लागला तो पाय डावा की उजवा, हे मात्र या हकिकतीत सुरुवातीपासून कुठेही आलेलं नाही, आणि आतापर्यंत कोणी विचारलेलंही नाही.