उरलेलं एंटर

मंगळवारी सकाळी साडेनऊला फरीदाबादच्या घरी माझे काका वारले.

एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, हा त्यांचा नेम. उत्तर आलं की बोटाने टेबलावर टक् करायचं, क्षणभर थांबायचं, मग दुसरा. टेबल नसेल तर स्वतःच्या गुडघ्यावर टक्. एकदा ठेल्यावर टोमॅटोचा भाव विचारून ते असेच तराजूवर टक् करून थांबले. भाजीवाला म्हणाला, "बाबूजी, हैंग हो गए क्या?" काका गंभीरपणे म्हणाले, "नहीं भैया, बफर खाली कर रहा हूँ."

काकांनी पॉलिटेक्निकमध्ये जन्मभर सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली. मलाही त्यांनीच शिकवली. माझा पहिला प्रोग्राम आधी वय विचारायचा आणि मग, 'पुढे जायचं? ह की न?' मी वय टाइप करून एंटर दाबलं. दुसऱ्या प्रश्नाला तो थांबलाच नाही. मी रडवेला, काका खूश.

"त्याने आकडा उचलला. एंटर आत बफरमध्ये, म्हणजे टाइप केलेलं साठतं तिथेच राहिलं. दुसरा प्रश्न आला तेव्हा तेच उत्तर समजून मोकळा झाला, गाढव. मध्ये एक गेटचार लाव."

गेटचार म्हणजे उरलेलं एक अक्षर वाचायचं आणि टाकून द्यायचं. काकांचं टक् म्हणजे तेच. यावरून मी त्यांची खूप थट्टा केली.

कमलकाकू वारल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आलो. एका संध्याकाळी घाईत विचारलं, "काका, चहा टाकू? आणि गोळी घेतलीत ना?"

 त्यांनी टक् केलं नाही. म्हणाले, "कमललाही मी असंच विचारलं होतं. क्लासला निघालो होतो. चप्पल घालता घालता म्हटलं, चहा घेतेस का, छातीत दुखतंय का अजून? ती 'नाही' म्हणाली. मी गेलो."

मी हातातलं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"ते 'नाही' चहाचं होतं रे," काका म्हणाले.

त्यानंतर मी थट्टा केली नाही. आधी चहाचं विचारायचो, थांबायचो, मग गोळीचं.

काल पुण्याहून ताईचा फोन आला. "जेवलास का? बरा आहेस ना?" तिने विचारलं. मी "हो" म्हणालो. तिला हायसं वाटलं, तिने फोन ठेवला.

जेवलो होतो. दुसरा प्रश्न अजून बाकी आहे.