गोदूकाकूंची दुसरी तबकडी

आमच्या शेजारच्या गोदूकाकूंच्या हातचं काही खाल्लं आणि चुकून ‘छान’ म्हटलं, की त्यांचा चेहरा पडायचा. वाटी पुढे करतानाच बजावायच्या, “चव घे आणि नावं ठेव!” स्तुती करणाऱ्याला दुसऱ्यांदा वाटी मिळत नसे. माझी आई सुगरण म्हणून प्रसिद्ध, तिला कोणी नावं ठेवली असती तर तिनं त्याचं पाणी तोडलं असतं. आणि ही बाई दारोदार नावं मागत फिरायची.

आधी त्या अशा नव्हत्या. आधी त्यांना घरातल्या घरात ती सोय होती.

ती सोय म्हणजे त्यांची नणंद, अंबूताई. लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पांढरं होऊन भावाकडे परतलेली. काका रेल्वेत. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनाजवळ चार चाळी आणि पुढे नुसती भातशेतं. पहाटे आमच्या भिंतीपलीकडे जातं सुरू व्हायचं. समोरासमोर दोघी, एका खुंट्यावर दोघींचे हात, आणि ओव्यांमधून एकमेकींची यथेच्छ निंदा. अंबूताई सुरू करायच्या,

“वहिनीचं वरण, डाळ शोधिते मी बाई
आडाला विचारा, पाणी उरलं की नाही!”

जात्याचा एक फेरा पुरा होतो न होतो तोच काकू,

“नणंदेच्या जिभेला, विळीपरीस धार
मोडीत घाला विळी, तीच भाजीला तयार!”

आमचे बाबा दाढी करता करता हसायचे आणि कापून घ्यायचे.

चाळमालकांचे एक मेहुणे मुंबईला रेकॉर्ड कंपनीत होते. ते मुक्कामाला आले, पहाटे हे ऐकून अंथरुणातून उठून आले आणि दोघींना मुंबईला घेऊन गेले. तिथं काचेच्या खोलीत दोघींना भोंग्यासारख्या त्या यंत्रापुढे उभं केलं, आणि दोघी मुक्या! हातात खुंटा नाही तर ओवी येणार कुठून? शेवटी दुसऱ्या खेपेला आगगाडीत आणि मग टांग्यात घालून जातं नेलं. कंपनीचा साहेब म्हणाला, घरघर नको. काकू म्हणाल्या, मग आम्हीही नको. गाणं झालं, घरघरीसकट झालं, आणि साहेबाच्या काळ्या कोटावर पीठ बसलं ते वेगळंच.

ती तबकडी फार चालली. एका बाजूला काकूंची निंदा, दुसऱ्या बाजूला अंबूताईंची. कल्याणच्या हॉटेलांत वाजायची, ठाण्याला हळदीकुंकवाला वाजायची. मेहुणे पुन्हा आले. म्हणाले, “दिवाळीपर्यंत दुसरी हवी. नव्या ओव्या तयार ठेवा.”

नेमकं तेव्हाच पुण्याहून अंबूताईंना नर्सचं शिक्षण घ्यायला बोलावणं आलं. त्यांनी वर्षभर गुपचूप त्याचीच खटपट चालवली होती. पण तबकडीचं ठरलं तशा म्हणाल्या, “पुढल्या वर्षी जाईन वहिनी. आधी आपलं गाणं.”

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे खरं भांडण झालं. ओवीतलं नव्हे, साध्या बोलण्यातलं. काकू अगदी अदबीनं बोलत होत्या, म्हणून जास्तच भयंकर वाटत होतं. “वन्सं, खरं सांगू? तुमच्या आवाजानं माझा सूर बिघडतो. दुसरी तबकडी मी माझी करीन. तुम्ही आपल्या पुण्याला जा.”

अंबूताई दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीनं गेल्या. जाताना वळून पाहिलं नाही.

आता माझी गंमत ऐका. मी तेव्हा दोन वेण्यांची, गायनाची पहिली परीक्षा पास झालेली, आणि महाराष्ट्रात आपल्यासारखा गळा नाही अशी माझी पक्की खात्री. मला वाटलं, काकू लोभी खऱ्या, पण आपलं नशीब उघडलं! आरशासमोर नमस्काराचा सरावही करून ठेवला. तबकडीवर माझं नाव मोठ्या अक्षरांत हवं, एवढीच माझी अट होती. कोणी विचारलं नव्हतं, तरी होती.

काकूंनी मला जात्यावर समोर बसवलं. चार फेऱ्यांत तळहाताला फोड आले. पीठ असं जाड, की कोंबड्यांनीही विचार केला असता. मेहुणे ऐकायला आले त्या दिवशी मी आईनं शिवलेलं रेशमी परकर-पोलकं घालून, हार्मोनियमवर सूर घेऊन, डोळे मिटून गायले,

“वहिनी तुमचं वरण, जरासं पातळ झालं
राग नका मानू, तरी गोड लागलं!”

मेहुण्यांनी चहा संपवला, टोपी घातली आणि गेले. दुसरी तबकडी तिथंच संपली.

मी रडायला लागले. काकू पीठ गोळा करत म्हणाल्या, “तुझा दोष नाही गं. तुझं माझ्यावर काही उधार नाही, ना राग ना हक्क, मग तू मला बोलणार कशी?”

“मग अंबूताईंना कशाला घालवलंत?”

“ही तबकडी झाली असती, मग तिसरी झाली असती. ती जन्मभर माझ्यासमोर दळत बसली असती. गोड बोलून जाणारी नव्हतीच ती.”

“मी कळवू का त्यांना?”

“खबरदार! शिक्षण टाकून परत येईल. वेडी आहे ती.”

त्यानंतरही जातं चालायचं. काकू आपली ओवी म्हणायच्या, मग एक फेरा नुसतीच घरघर, मग पुढची ओवी. त्या मोकळ्या फेऱ्याला मी अंथरुणात कान देऊन पडून राहायचे.

अंबूताई दिवाळीला आल्या. पांढरं पातळ, हातात घड्याळ, तब्येत सुधारलेली. काकूंनी पुरणपोळ्या केल्या आणि वरणात तांब्याभर पाणी ओतलं. मी डोळ्यांनी पाहिलं. मलाही जेवायला बसवलं होतं. अंबूताईंनी भात कालवला. वरण ताटभर पळालं. काकू पळी हातात धरून उभ्याच.

“छान झालंय हो वरण, वहिनी,” अंबूताई म्हणाल्या. पाहुण्यानं म्हणावं तसं.

“आणखी वाढू?”

“नको, पुरे. छान झालंय.”

अंबूताई चारच्या गाडीनं गेल्या. दिवेलागणीला काकू आमच्या दारात आल्या. हातात त्याच वरणाची वाटी.

“चव घे,” म्हणाल्या, “आणि नावं ठेव.”

मी घोट घेतला. “काकू, यात डाळ टाकायची राहिली की काय? आड उपसून आणलात नुसता. असलं वरण शत्रूनं शत्रूला वाढू नये!”

काकूंनी चौकटीला डोकं टेकलं. डोळे मिटले.

“आणखी?” म्हणाल्या.