गुरुजींची यादी ढगात जाते

वाईचे गोपाळकृष्ण गुरुजी घाटावर श्राद्धं, तेरावी, वर्षश्राद्धं करवतात. आजोबांपासून चालत आलेला धंदा. (धंदा म्हटलेलं त्यांना आवडत नाही.) यजमान सगळे पुण्या-मुंबईला पांगलेले, त्यामुळे कोणाचं कोण कुठल्या तिथीला गेलं, ही माहिती त्यांनी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. ऐन पितृपक्षात कॉम्प्युटर बंद पडला, आणि एका गृहस्थांच्या आईच्या पिंडावर त्यांच्या काकूचं नाव घेतलं गेलं. काकू समोरच बसल्या होत्या. त्या दिवशी गुरुजींनी ठरवलं, सगळं क्लाउडवर न्यायचं.

"क्लाउड म्हणजे ढगच ना?" त्यांच्या पत्नी क्षमाताईंनी विचारलं. "तुमची माणसं आधीच ढगात गेलीत. आता यादी कशाला मागनं पाठवताय?"

गुरुजी हसले नाहीत. बारा महिने रडक्या घरांत वावरून त्यांचा चेहराच तसा झाला होता.

क्षमाताईंचा भाऊ सुमंत सांगलीहून आला. तो कॉम्प्युटरच्याच कामात. वडील, म्हणजे आप्पा, नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेले, म्हणून तो घाईत होता. फोनवर एक अ‍ॅप घालून देत म्हणाला, "भाऊजी, आधी नीट प्लॅनिंग. काय वर न्यायचं, काय इथंच ठेवायचं. मग चार नावांवर ट्रायल. मग बाकीचं. मी रविवारी येतो, तोवर कशालाही हात लावू नका."

"रविवारी भद्रा आहे."

"कॉम्प्युटरला भद्रा नसते, भाऊजी."

"सुरुवात मी करणार की कॉम्प्युटर?"

आणि गुरुवारी गुरुपुष्य निघाला. तो कोण सोडतो? स्नान-संध्या उरकून गुरुजींनी देवासमोर फोन हातात घेतला. अ‍ॅपने विचारलं, फोनमधली नावं जोडू का? यजमानांचे नंबर फोनमध्येच होते, म्हणून गुरुजी म्हणाले, हो. सर्वांना निरोप पाठवू का? त्यालाही हो. (कोणी नम्रपणे विचारलं की त्यांना नाही म्हणवत नाही.)

निरोपाचा मजकूर त्यांचाच होता, येत्या अष्टमीच्या श्राद्धांसाठी लिहिलेला. अ‍ॅपने फक्त त्यात एकेक नाव भरलं आणि ज्याचं त्याला पाठवलं.

पहिला फोन सिलेंडरवाल्या धुळाचा. "आवं गुरुजी, मी हाय की अजून! ह्यात लिवलंय, 'कै. धुळा गॅस यांचे श्राद्ध येत्या अष्टमीस घाटावर होईल. त्यांना आवडणारा पदार्थ कळवावा.' कालच तुमची टाकी पोचवली न्हाई का?"

"धुळा, चूक झाली रे."

"व्हय, पर पदार्थ इचारलाच हाय तर मटण चालंल का?"

गुरुजींनी फोन ठेवला आणि त्यांना एकदम आठवलं. आप्पा! आप्पा रोज बरोबर जेवणाच्या वेळी फोन करून पोटाच्या तक्रारी सविस्तर सांगत. कंटाळून गुरुजींनी त्यांचं नाव फोनमध्ये निराळ्याच तऱ्हेने घातलं होतं. म्हणजे सांगलीत आता जो निरोप पोचला होता तो असा: 'कै. सासरे उचलू नये यांचे श्राद्ध येत्या अष्टमीस घाटावर होईल.'

तेवढ्यात सुमंतचा फोन आलाच. आप्पांनी निरोप मोठ्याने वाचला होता आणि तेव्हापासून अन्नपाणी सोडलं होतं.

साताऱ्यापर्यंत एक एसटी, तिथून सांगलीची दुसरी. दोन्हींत क्षमाताई वेगळ्या सीटवर बसल्या. कराडला गुरुजींनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली, तर त्यांनी ती शेजारच्या अनोळखी बाईला देऊन टाकली.

आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आप्पा, मशीनची चूक झाली हो."

"कैलासवासी मशीननं केलं," आप्पा भिंतीलाच म्हणाले. "उचलू नये कोणी लिहिलं?"

गुरुजी उपरणं सारखं करू लागले.

"न उचलता काय, इथंच ठेवायचं मला?"

क्षमाताईंनी पदर डोळ्यांना लावला. गावोगाव सांत्वनं केलेल्या गुरुजींच्या तोंडातून निघालं ते जन्माच्या सवयीचं. "आपल्याला... आवडणारा पदार्थ कोणता?"

मग आप्पा सावकाश या कुशीवर वळले.

"आल्यापासून मुगाचं पाणी पाजतायत. काय खावंसं वाटतं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते मेल्यावर." त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. "अळूचं फदफदं. शेंगदाणे आणि मुळा घालून. क्षमाच्या हातचं."

क्षमाताई रडत रडतच अळू आणायला निघाल्या. पण आप्पांनी त्यांना थांबवलं. निरोपात जागा घाटाची आहे आणि दिवस अष्टमीचा, तर जेवण तिथंच होईल. आपण हजर राहणार. पुढचं पुढे बघू.

सुमंतच्या गाडीत आप्पा पुढे बसले. मागे क्षमाताई, उशा, औषधांची पिशवी, आणि गुरुजींच्या मांडीवर कमोडची खुर्ची. अ‍ॅपचं नाव कोणी काढत नव्हतं. साताऱ्याच्या अलीकडे आप्पांना डुलकी येऊ लागली.

"वाई आली की हाक मार गं," ते क्षमाताईंना म्हणाले. मग डोळे मिटूनच पुढे बोलले, "आणि नाहीच उठलो, तर गावात दुसरे गुरुजी असतीलच ना?"

"आहेत, आप्पा," क्षमाताई म्हणाल्या. "चांगले आहेत."