स्टेशनमास्तरची बारा पिसं

कोंबड्याच्या पायात घालायची कडी साधारण पाच मिलिमीटर रुंद असते. एवेलिओच्या कोंबड्यांच्या कड्या हिरव्या होत्या आणि शेजारच्या बेलार्मिनोच्या कोंबड्यांच्या निळ्या. निरोगी डोळ्यांना हा फरक दहा पावलांवरून दिसतो. मोतीबिंदू पिकत गेला, की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा रंग आत पोहोचेनासा होतो आणि निळी कडी हिरवट दिसू लागते. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं एवेलिओला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. एवेलिओने चित्राचं कौतुक केलं आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. तीही दोनदा.

आता तिसरी तारीख मिळाली होती. पाच एप्रिल.

“नंतर महिनाभर खुराड्यात पाऊल टाकायचं नाही म्हणतात,” तो बायकोला सांगायचा. “धूळ चालत नाही. मग कोंबड्यांकडे कोण बघणार?”

“बेलार्मिनो बघेल की,” ओनोरिना म्हणायची.

“त्याला कशाला उगाच त्रास?”

खरं कारण वेगळं होतं. गळाच्या आकड्यावर रेशमाने कोंबड्याचं पीस अशा खुबीने गुंडाळायचं, की नदीतल्या ट्राउट माशाला तो किडाच वाटावा, ही एवेलिओची विद्या. कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात अशा नकली माश्या बांधणाऱ्यांत पन्नास वर्षं त्याचंच नाव पहिलं घेतलं जात होतं. गेलं वर्षभर मात्र तो रेशमाचा धागा बोटांनी चाचपून बांधत होता. बेलार्मिनोला कोंबडे सांभाळायला सांगायचं म्हणजे का ते सांगायचं, आणि बेलार्मिनोला सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जोराचा वारा सुटला आणि दोन्ही अंगणांमधली जाळी आडवी झाली. बेलार्मिनो नातीच्या बाप्तिस्म्यासाठी चार दिवस लेओनला गेला होता. सात कोंबडे एकमेकांत मिसळले. शेजारधर्म म्हणून एवेलिओने सगळे पकडले. चार आपले, तीन त्याचे, हा हिशेब त्याला पाठ होता. कड्या सगळ्याच हिरवट दिसत होत्या, म्हणून त्यातल्या त्यात जास्त हिरव्या कड्यांचे चार त्याने स्वतःकडे ठेवले आणि उरलेले तीन पलीकडे पोहोचवले. संख्या बरोबर आली. त्याला समाधान वाटलं.

पिसं उतरत्या चंद्रातच काढायची, अशी खोऱ्यातली पद्धत. एरवी काढलेल्या पिसाला पाणी नसतं म्हणतात. ते कोणी पडताळून पाहिलेलं नव्हतं, कारण वर्षाची पिसं वाया घालवून पडताळणार कोण? चंद्राचे दोनच दिवस उरले होते. एवेलिओने दुसऱ्या दिवशी सकाळीच आपला म्हातारा कोंबडा, बिशप, मांडीवर घेतला आणि त्याच्या पाठीवरची पिसं एकेक करून काढली. बिशपची पिसं दोन वर्षांपासून मळकट निघत होती. आज मात्र पहिलंच पीस त्याने उन्हात धरलं आणि ते काचेसारखं चमकलं. इतकं, की ती चमक एवेलिओलासुद्धा दिसली.

“ओनोरिना! अगं, बिशप पुन्हा जवान झाला!”

“काय सांगतोस!”

“त्याला खायला काय घातलं होतंस तू?”

ओनोरिना आठवू लागली. “परवाचं उरलेलं लसूण-सूप. शिळा पाव घालून केलेलं.”

दुपारी एवेलिओने ही कृती नीव्हेसच्या बारमध्ये जाहीर केली. संध्याकाळपर्यंत गावात शिळा पाव औषधाला उरला नाही.

“मिरचीपूड गोडी घालायची की तिखट?” एकाने विचारलं.

“तिखट,” एवेलिओ अधिकाराने म्हणाला.

“आणि अंडं?”

“कोंबड्याला अंडं? लाज आहे का काही?”

दुसऱ्या दिवशी दाणे टाकताना ओनोरिनाला बिशपच्या पायात निळी कडी दिसली. तिने पलीकडच्या अंगणात डोकावून पाहिलं. तिथे हिरव्या कडीचा खरा बिशप एका पायावर उभा राहून डुलक्या घेत होता. म्हणजे पाठ उघडी पडलेला हा कोंबडा बेलार्मिनोचा लाडका स्टेशनमास्तर होता. बेलार्मिनोने आयुष्यभर रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली होती. रोज संध्याकाळी स्टेशनमास्तरला खुराड्यात कोंडून दाराला कडी लावताना त्याला होणारा आनंद सगळ्या गावाला ठाऊक होता. तसंच स्टेशनमास्तरचं वेडही ठाऊक होतं: बेलार्मिनो दिसला, की तो चोचीने त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायचा. फक्त बेलार्मिनोच्या.

बेलार्मिनो आदल्याच संध्याकाळी परतला होता. ओनोरिना हात पुसत त्याच्या स्वयंपाकघरात शिरली.

“बेलार्मिनो, एक वाईट बातमी आहे.”

“स्टेशनमास्तरची पाठ उघडी पडली, ती?”

“तुला कळलं?”

“माझ्या खुराड्यात बिशप आहे आणि तो माझ्यादेखत घोरतो. कळायला कितीसा वेळ लागणार?”

“अरे देवा! थांब, मी आत्ताच त्याला सांगते आणि कोंबडे बदलून घेते.”

“अजिबात नाही. बारमध्ये आठ जणांनी सुपाची कृती लिहून घेतलीय. उद्या तो तिथे कुठल्या तोंडाने जाईल?”

ओनोरिनाचं लक्ष चुलीकडे गेलं. पातेल्यातून लसणाचा वास येत होता.

“आणि हे रे काय?”

“सूप,” बेलार्मिनो म्हणाला. “गावात सगळेच पाजतायत. मी एकट्यानेच नाही पाजलं, तर लोक विचारतील ना.”

ओनोरिना स्टुलावर बसली आणि तिने त्याच्यासाठी लसूण सोलून दिला.

पुढचे चार दिवस बेलार्मिनोने एवेलिओच्या अंगणाकडे जायचं टाळलं. रविवारी मात्र एवेलिओनेच त्याला हाक मारली आणि दंडाला धरून आत आणलं. त्याच्या हातात रेशमाने बांधलेली बारा पिसांची जुडी होती.

“तू नेमका बाहेर होतास, तुझा चंद्र हुकला,” एवेलिओ म्हणाला. “म्हणून ही तुला. एकूण एक निवडून काढलीत. अशी पिसं तू जन्मात पाहिली नसशील.”

बेलार्मिनोने जुडी हातात घेतली. त्यातल्या प्रत्येक पिसाला त्याने तीन वर्षं दाणा घातला होता.

“ओळखीची वाटतात,” तो म्हणाला. मग त्याने टोपी काढली. “आभारी आहे, एवेलिओ. अगदी मनापासून.”

तेवढ्यात खुराड्यामागून स्टेशनमास्तर धावत आला, बेलार्मिनोसमोर थांबला आणि त्याने आधी डाव्या, मग उजव्या बुटाची नाडी सोडली.

एवेलिओ बघत राहिला. मग हळूच गुडघ्यावर बसला, कोंबडा उचलून घेतला आणि त्याचा पाय डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला. मग उन्हात नेऊन धरला.

“ओनोरिना, ही कडी कुठल्या रंगाची आहे?”

“निळी,” ओनोरिना म्हणाली.

“हिरवटच आहे तशी,” बेलार्मिनो घाईघाईने म्हणाला.

“तुला केव्हा कळलं?”

“आलो त्याच दिवशी.”

“आणि तरी सूप पाजलंस?”

“पाजलं.”

“मग?”

“बिशपचं पोट बिघडलं. आता बरा आहे.”

एवेलिओ कोंबडा पोटाशी धरून ओट्यावर बसला. त्याचे कान लाल झाले होते. “तोंडावर सांगायचंस ना, बेलार्मिनो. शिव्या द्यायच्यास.”

“माझा खुबा मोडला होता, त्या हिवाळ्यात एकाहत्तर दिवस बर्फ तुडवत माझे कोंबडे कोणी सांभाळले? एकदा तरी बोलून दाखवलंस?”

“ती काय बोलून दाखवायची गोष्ट आहे?”

“मग बारा पिसं ही काय तशी गोष्ट आहे?”

एवेलिओ स्टेशनमास्तरच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग त्याने खाली मान घालूनच विचारलं, “माझ्या डोळ्यांचं अजून कोणाला ठाऊक आहे?”

बेलार्मिनोने ओनोरिनाकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली.

“गेल्या वर्षीपासून तुझ्या माश्यांना एकीच्या जागी दोन गाठी असतात,” तो म्हणाला. “गावाला ठाऊक आहे. ट्राउटना अजून नाही.”

“आणि तरी लोक माझ्याच माश्या घेतात?”

“दुसऱ्या कोणाच्या घेणार? नीव्हेस म्हणते, तुझ्या दोन गाठी इतरांच्या एकीपेक्षा बऱ्या.”

ओनोरिनाला वाटलं, एवेलिओ आता चिडणार. तो चिडला नाही. तो आधी गालातल्या गालात आणि मग खांदे हलवत हसला. त्या हलण्याने वैतागून स्टेशनमास्तर त्याच्या मांडीवरून उतरला आणि पुन्हा बेलार्मिनोच्या नाड्यांपाशी जाऊन उभा राहिला.

“ओनोरिना, पाच तारखेला लेओनची बस किती वाजता आहे?”

“साडेसातला,” ती म्हणाली. हे उत्तर तिने जानेवारीपासून तयार ठेवलं होतं.

एवेलिओने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही, आणि बेलार्मिनो जिथे उभा असावा तिकडे तोंड वळवलं.

“बेलार्मिनो, पाच तारखेपासून महिनाभर माझे कोंबडे तू बघ. मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतो.”