तळ्यावरची थोरली मंडळी

खण्णकन किटलीचं झाकण फरशीवर पडलं आणि स्वयंपाकघरातली पहाटेची शांतता मोडली. बुरुलचा दचकली. झाकण सासूबाईंच्या हातून पडलं होतं, आणि सासूबाईंच्या हातून आजवर काहीही उगाच पडलेलं नव्हतं.

"काय पुटपुटत होतीस, सूनबाई?"

"पाठांतर, अपा. पक्ष्यांची नावं."

"पक्ष्यांची की आपल्या घरातल्या माणसांची?"

प्रश्न बिनतोड होता. बुरुलचाच्या आजेसासऱ्यांची पहिली मुलं जगली नव्हती. म्हणून पुढच्या मुलांना त्यांनी पाखरांची नावं दिली. मृत्यू दारात आलाच, तर पाखरं समजून माघारी जाईल, अशी योजना. मृत्यू फसला. थोरले ओर्दोक म्हणजे बदक, मधले काझ म्हणजे कलहंस आणि धाकटे, म्हणजे बुरुलचाचे सासरे, तुर्ना म्हणजे क्रौंच. तिघेही सत्तरी ओलांडून ठणठणीत होते. फसली ती सून. सासरच्या वडीलधाऱ्यांचं आणि नवऱ्याचं नाव तिनं उच्चारायचं नाही, हा किर्गिझ घरातला नियम. तेच नाव एखाद्या पाखराचं असेल, तर पाखरालाही तोच मान.

आणि आज बुरुलचाला तळ्याकाठच्या पक्षी उद्यानात बिश्केकच्या पाहुण्यांना पाखरांची नावं सांगायची होती. नीट जमलं तर वाटाड्याची नोकरी तिची. लग्नाआधी ती पक्षीशास्त्र शिकली होती. लग्नानंतर ते शास्त्र तिनं भांडी घासता घासता खिडकीतून टिकवलं होतं. रोज थोडा वेळ खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहता यावं, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा होती. घरच्यांना तीही जरा जास्तच वाटत होती.

"मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "थोरल्यांची अब्रू तुझ्या एकटीच्या जिभेवर कशी सोडू?"

त्या आल्या, तळलेल्या कणकेच्या बोर्सोकांचं गाठोडं आणि पाच वर्षांच्या नातीला, जिबेकला, घेऊन. उद्यानाच्या प्रमुख बेगिमाय एजे फाटकात उभ्याच होत्या.

"पाहुणे शहाणे आहेत," त्यांनी बुरुलचाला बजावलं. "नावं बिनचूक सांग. अडखळलीस तर उद्यापासून शहरातला माणूस येईल."

पाहुण्यांच्या गळ्यांत दुर्बिणी होत्या आणि चेहऱ्यांवर त्या दुर्बिणींची किंमत होती. त्यांच्यातला एक दाढीवाला सगळ्यात पुढे चालत होता. ज्याला रस्ता ठाऊक नसतो, तो बहुधा पुढेच चालतो.

लव्हाळ्याच्या बेटाजवळ पहिलंच पाखरू दिसलं. पन्नासेक बदकं.

"हे कोणते?" दाढीवाल्यानं विचारलं.

बुरुलचानं मागे पाहिलं. सासूबाई बोर्सोक चावायच्या थांबल्या होत्या.

"हे... पाण्यावर डुलत जाणारे."

"डुलत?" सासूबाई कडाडल्या. "थोरले भावजी डुलत चालतात? गुडघा दुखतो त्यांचा!"

"म्हणजे, हे पाण्यावरून अत्यंत भारदस्तपणे जातात," बुरुलचानं दुरुस्ती केली.

एका बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

पुढे चिखलात कलहंस दिसले. बुरुलचा आता शहाणी झाली होती. "आणि हे मधले. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बोलतात. सध्या चिखलात..."

"चिखलात काय?"

"चिखलात नाश्ता करताहेत, अपा."

"भावजींच्या बायकोनं ऐकलं ना, तर घरात जेवण मिळत नाही असा अर्थ काढेल. चिखल म्हणू नकोस!"

"ओल्या जमिनीवर नाश्ता करताहेत," बुरुलचा म्हणाली.

"यांना नाव नाही का?" दाढीवाल्यानं विचारलं.

"आहे. फार मोठं आहे."

बेगिमाय एजे तिच्या कानाशी आल्या. "हे काय चाललंय? पुढचं पाखरू नावानिशी सांग. नाही तर इथंच निरोप घेऊ."

पुढचं पाखरू म्हणजे, ज्याच्यासाठी पाहुणे एवढ्या लांब आले होते ते. माळावर क्रौंचांची जोडी उतरली. नर पंख पसरून उडी घ्यायचा, मान वाकवायचा, पुन्हा उडी घ्यायचा. मादी त्याच्याभोवती फिरत होती. कोणी खोकलंसुद्धा नाही. बुरुलचाला हे खिडकीतून कधीच एवढं दिसलं नव्हतं. नाव ओठांशी आलं आणि तिथंच थांबलं.

"सांग ना," बेगिमाय एजे दातांतून म्हणाल्या.

नोकरी हातची चाललेली बुरुलचाला दिसत होती.

"राहू द्या, मी सांगतो," दाढीवाला दुर्बीण खाली न घेता म्हणाला. "साधा बगळा आहे. म्हातारा दिसतोय. पायात जोर नाही."

"बगळा?"

सासूबाईंच्या हातातलं गाठोडं सुटलं. बोर्सोक गवतावरून घरंगळत गेले.

"बगळा? मेल्या, तुझ्या डोळ्यांत काय शेवाळ साठलंय? पायात जोर नाही म्हणे! माझ्या लग्नात सबंध गावानं बघितलाय ह्यांचा नाच! तुर्ना आहे तो! तुर्ना!"

क्रौंच उडाले. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लग्नापासून जपलेलं नाव तळ्यावरून घुमत पलीकडच्या डोंगरापर्यंत जाऊन आलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाखराबद्दल एवढ्या पोटतिडकीनं बोलणारा वाटाड्या त्यांनी पाहिला नव्हता. बेगिमाय एजेंना पाहुण्यांचं मत लगेच स्वतःचं वाटू लागलं.

"दोघीही या उद्यापासून," त्या म्हणाल्या. "सुनेनं दाखवायचं, सासूनं नाव सांगायचं."

"एकदा तोंड विटाळलंच आहे," सासूबाई बोर्सोक गोळा करत पुटपुटल्या. "पण ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. लाजतील."

बेगिमाय एजेंनी खिशातून दोन कोरे बिल्ले आणि पेन काढलं. "तुमचं नाव ठाऊक आहे, काकू. हिचं काय लिहू? मी तर हिला तुर्नाकाकांची सून म्हणूनच ओळखते."

"हिचं?" सासूबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. आभाळाकडे पाहिलं. "थांबा हं... आम्ही आपलं सूनबाईच म्हणतो."

बुरुलचा सांगायला पुढे झाली, तेवढ्यात जिबेकनं तिचा हात ओढला.

"आई, तुझं नाव कुठल्या पाखराचं आहे? कोणीच का घेत नाही?"